बाउंड्री वॉटर्समधली कनू आणि मासेमारीची सहल: मार्ग कसा ठरवायचा?

अमेरिकेत मिनेसोटाच्या ईशान्य भागात, कॅनडाच्या सीमेला चिकटून बाउंड्री वॉटर्स कनू एरिया वाइल्डरनेस आहे. कनू म्हणजे वल्ह्यांनी चालवायची लांबट, हलकी होडी. दहा लाख एकरांहून जास्त जंगल, हजारावर तळी आणि त्यांना जोडणारे 1,200 मैलांहून जास्त जलमार्ग. नकाशा पहिल्यांदा उघडला की निळ्या ठिपक्यांची ती रांगोळी बघून डोकं गरगरतं. दर हिवाळ्यात परवान्यांचं आरक्षण सुरू व्हायच्या सुमारास मित्रमंडळी तेच ते प्रश्न घेऊन येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत. माझा कल आधीच सांगून टाकतो: मासे पकडायला जाणार असाल तर जेवढं अंतर मनात आहे त्याच्या निम्मं करा.

मार्ग ठरवायची सुरुवात कुठून करायची?

बहुतेक लोक नकाशापासून करतात. बोट ठेवून या तळ्यातून त्या तळ्यात जातात, एक सुंदर गोल काढतात आणि मग विचारतात, "वाटेत मासे मिळतील ना?" मी उलटा जातो. आधी महिना, मग त्या महिन्यात हवा असलेला मासा, मग तो मासा असलेली दोन-तीन तळी, आणि शेवटी तिथे पोचवणारं प्रवेशस्थान.

यात आणखी एक गोष्ट धरायची असते, ती म्हणजे गटातला सगळ्यात कच्चा माणूस. तगड्या माणसाच्या हिशेबाने काढलेला मार्ग दुसऱ्या दिवशी दुपारी मोडतो. कुणाची पाठ दुखते, कुणाला पोहता येत नाही, कुणी आयुष्यात वल्हं धरलेलं नाही, हे घरी बसूनच विचारा. लाजेने कुणी आपणहून सांगत नाही.

रोज किती मैल धरावेत?

सपाट पाण्यावर, वारा नसताना, दोघांची भरलेली कनू ताशी दोन ते तीन मैल जाते. या आकड्यावरून लोक दिवसाला पंधरा मैल सहज लिहून टाकतात. पण त्यात पोर्टेज (दोन तळ्यांमध्ये कनू आणि सामान उचलून चालणं), वारा, चुकलेली वाट, जेवण आणि तंबू लावणं येत नाही. आणि मासेमारी तर अजून सुरूच झालेली नाही.

नवख्या गटाला मी प्रवासाच्या दिवशी सहा ते आठ मैल सांगतो, आणि दर दोन दिवसांमागे एक दिवस अजिबात न हलण्याचा. पाच दिवसांच्या सहलीत दोन दिवस आत जायचं, दोन दिवस मुक्काम, आणि शेवटच्या दिवशी बाहेर. "मग बाहेर एका दिवसात कसं येणार?" हा पुढचा प्रश्न असतोच. शिधा संपल्याने ओझं हलकं झालेलं असतं, वाट ओळखीची असते आणि पावलांना घराची ओढ असते. वारा आडवा आला नाही तर परतीचा वेग दीडपट होतो. वाऱ्याचा भरवसा नसेल तर मुक्कामातला एक दिवस परतीसाठी राखून ठेवा.

पोर्टेज म्हणजे नेमकं काय? नकाशावरचे ते आकडे कशाचे आहेत?

दोन तळ्यांमधली जमिनीवरची पायवाट म्हणजे पोर्टेज. कनू डोक्यावर घ्यायची, सामान पाठीवर, आणि चालायचं. नकाशावर त्या वाटेशेजारी छापलेला आकडा रॉडमध्ये असतो. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ एका कनूची लांबी. 320 रॉडचा एक मैल होतो.

आता मार्ग ठरवताना सगळ्यात जास्त फसवणारा हिशेब. 100 रॉड म्हणजे साधारण 500 मीटर. यात काय अवघड, असं वाटतं. पण बहुतेक गटांचं सामान एका खेपेत जात नाही. एक खेप सामान घेऊन, मग रिकाम्या हाताने परत, मग दुसरी खेप. म्हणजे ती वाट तीनदा चालावी लागते आणि 500 मीटरचे दीड किलोमीटर होतात. अशी चार पोर्टेज असलेल्या दिवशी सहा किलोमीटर पायपीट झाली, त्यातली चार ओझं घेऊन. म्हणून मार्गावरच्या सगळ्या रॉडची बेरीज करा आणि तिला तीनने गुणा. त्या आकड्याकडे बघून गटात जी शांतता पसरते, तिच्यावरून मार्ग जमणार की नाही ते कळतं.

आकडा लांबी सांगतो, चढ सांगत नाही. नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे उंची दाखवणाऱ्या रेषा, दाटीवाटीने वाटेला आडव्या जात असतील तर 60 रॉडही घाम काढतात. आणि नकाशा जे कधीच सांगत नाही ते म्हणजे काठावर उतरायची जागा कशी आहे. एका पोर्टेजच्या सुरुवातीला माझा पाय गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलात गेला आणि वर आला तेव्हा बूट आतच होता. डोक्यावर कनू असताना बूट शोधता येत नाही. मागच्या माणसाने हात घालून तो काढला, पाण्यात आपटून धुतला आणि माझ्या हातात दिला. तेव्हापासून नाडी घट्ट बांधता येईल असेच बूट वापरतो.

कनूचं वजनही इथेच मोजा. 17 फुटी, केव्हलार या हलक्या आणि मजबूत धाग्याची कनू साधारण 42 ते 45 पौंडांची, ॲल्युमिनियमची 70 पौंडांच्या पुढची. भाड्यात पैसे वाचवायला ॲल्युमिनियम घ्यायची असेल तर मार्गातली दोन पोर्टेज कमी करा.

मोठी तळी सोपी ना? पोर्टेज तर नाही तिथे.

पोर्टेज नसतात, वारा असतो. लांब उघड्या पाण्यावर वाऱ्याला जितकी धाव मिळते तितकी लाट वाढते. बासवुड, सॅगनागा, स्नोबँक, सीगल, इन्सुला ही तळी सकाळी सहाला आरशासारखी असतात, आणि दुपारी त्याच पाण्यावर पांढरे फेस दिसतात. इथला वारा बऱ्याचदा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेला तोंड करून मोठं तळं ओलांडायचा दिवस योजनेत असेल तर तो पहाटेचाच ठेवा.

मे महिन्यात आणि सप्टेंबरअखेरीस पाणी इतकं थंड असतं की उलटलेल्या माणसाचे हात काही मिनिटांत काम करेनासे होतात. अशा वेळी मोठ्या तळ्याच्या मधून जायचं नाही, किनाऱ्याने जायचं, अंतर दुप्पट झालं तरी. लाइफ जॅकेट अंगात, कनूच्या तळाशी नाही.

वाऱ्यामुळे अडकून पडायचा एक दिवस प्रत्येक मोठ्या तळ्यामागे गृहीत धरा. नाही अडकलात तर तो मासेमारीचा दिवस.

कोणत्या महिन्यात जावं?

बर्फ साधारण एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या पंधरवड्यात फुटतो, आणि मिनेसोटात वॉलआय या माशाचा हंगाम मेच्या मध्याला उघडतो. तिथून जूनच्या मध्यापर्यंत मासेमारीला तोड नाही. त्याच दिवसांत काळ्या माश्या आणि डासही असतात, तेही मनापासून. डोक्यावर घ्यायची जाळी न नेणारा माणूस पुढच्या वेळी पहिली तीच पिशवीत टाकतो.

जुलै-ऑगस्टमध्ये पाणी पोहण्याजोगं, कुटुंबांना सोयीचं, पण मासे खोल जातात आणि गर्दीही असते. ऑगस्टच्या उत्तरार्धात डास ओसरतात. सप्टेंबर मला सगळ्यात आवडतो: गर्दी विरळ, बर्चची झाडं पिवळी, पाइक मासे पुन्हा खादाड. मात्र दिवस आखडतात आणि कोरड्या वर्षी लहान ओढे-नद्यांचे मार्ग आटतात. नकाशावर बारीक निळ्या रेषेने दिसणारा मार्ग सप्टेंबरमध्ये कनू ओढत नेण्याचा मार्ग होऊ शकतो, वर बीव्हर या प्राण्याने घातलेले बांध. असा मार्ग घ्यायचाच असेल तर वसंतात घ्या.

कुठे कोणता मासा?

चार मासे लक्षात ठेवले की पुरे: वॉलआय, नॉर्दर्न पाइक, स्मॉलमाउथ बास आणि लेक ट्राउट.

लेक ट्राउट मार्गावर सगळ्यात जास्त बंधनं घालतो. त्याला थंड, खोल, भरपूर प्राणवायू असलेलं पाणी लागतं, त्यामुळे तो प्रत्येक तळ्यात नसतो. नाइफ, स्नोबँक, सॅगनागा ही त्याची ओळखीची घरं. मेमध्ये तो वरच्या पाण्यात, किनाऱ्याजवळ मिळतो आणि वल्हवता वल्हवता मागे सोडलेल्या चमच्याला, म्हणजे चमच्याच्या आकाराच्या धातूच्या आमिषालाही लागतो. जुलैत तोच 40 फूट आणि त्याहून खाली. कनूतून, वाऱ्यात, तेवढ्या खोलीवर गळ नेमका धरून ठेवणं हा वेगळाच उद्योग आहे. म्हणून ट्राउट हवा असेल तर मे, आणि मे हवा असेल तर मोठ्या थंड पाण्याची सावधगिरी. हे दोन्ही एकत्रच येतं.

वॉलआयचे डोळे अंधुक उजेडासाठी बनलेले असतात. तो संध्याकाळी, पहाटे आणि ढगाळ दिवशी खातो. वसंतात तो वाहत्या पाण्यापाशी असतो, म्हणजे जिथे ओढा किंवा धबधबा तळ्यात पडतो तिथे. यातला मार्गाचा धडा असा की वाहत्या पाण्याला लागून पोर्टेज असेल तर मुक्काम तिथून जवळ ठेवा. संध्याकाळी सातला मासे खाऊ लागतात आणि तुमचा तंबू तीन मैलांवर असेल तर काय उपयोग? राज्याचा विक्रमी वॉलआय, 17 पौंड 8 औंसांचा, 1979 मध्ये सीगल नदीत, म्हणजे सॅगनागाच्या तोंडाशीच मिळाला होता.

पाइकसाठी वनस्पती असलेल्या उथळ खाड्या बघा. 45 पौंड 12 औंसांचा राज्यविक्रमी पाइक 1929 मध्ये बासवुडमध्ये सापडला. दोरीच्या टोकाला लहानशी तार लावा, नाहीतर त्याचे दात दोरी कापून आमिषासकट निघून जातात.

स्मॉलमाउथ बास नवख्यांचा मित्र. खडकाळ किनारा, पडलेली झाडं, भर दुपार, कशालाही नाही म्हणत नाही. मुलं बरोबर असतील तर बासची तळीच निवडा.

कोणत्या तळ्यात काय आहे, किती खोल आहे, हे मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या लेकफाइंडर या सेवेत तळ्याचं नाव टाकून बघता येतं. नकाशा आणि लेकफाइंडर शेजारी-शेजारी उघडे ठेवून बसलात की मार्ग जवळपास आपोआप ठरतो. परवाना आणि मर्यादांची नियमपुस्तिका त्या वर्षीचीच वाचा. सीमेवरच्या तळ्यांचे नियम आतल्या तळ्यांपेक्षा वेगळे असतात.

नावं घेऊन दोन-तीन मार्ग सांगा ना.

लेक वन, प्रवेशस्थान क्रमांक 30. ईली या गावाहून गाडीने जाता येतं. लेक वन, टू, थ्री, फोर अशी सोपी नावं, पहिल्या दोन तळ्यांमध्ये दोन छोटी पोर्टेज, आणि टूपासून फोरपर्यंत पोर्टेजच नाही. वॉलआय, पाइक, बास तिन्ही. दम असेल तर पुढे हडसन आणि शंभरेक रॉडचं पोर्टेज करून बेटांनी भरलेलं इन्सुला. 2011 च्या पगामी क्रीक वणव्यात या भागातलं 90 हजार एकरांहून जास्त जंगल जळलं, त्यामुळे बऱ्याच किनाऱ्यांवर उंच सावली नाही, कोवळी दाटी आहे. एक सावधगिरी: लेक वन सुरुवातीलाच चकवतं. खाड्या आणि बेटं अशी काही गुंतलेली आहेत की आमच्या पहिल्या सहलीत आम्ही पाऊण तास चुकीच्या खाडीत घालवला. वर तिथेच भेटलेल्या दुसऱ्या गटाला आत्मविश्वासाने वाटही दाखवली.

मूस लेक, प्रवेशस्थान 25. इथून न्यूफाउंड, सकर, बर्च आणि मग लहान लहान पोर्टेजांची साखळी करत नाइफ लेक. पाणी काचेसारखं आणि खाली ट्राउट. नाइफवरच्या आयल ऑफ पाइन्सवर डोरोथी मोल्टर या बाई 1986 मध्ये वारल्या तोवर राहत होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या कनूवाल्यांना घरची रूट बिअर (नावात बिअर असलं तरी दारू नसलेलं गोड पेय) देत. मार्ग लोकप्रिय आहे, सुरुवातीच्या तळ्यांवर मोटरबोटी भेटतात.

कावीशिवी लेक, प्रवेशस्थान 37. इथून स्क्वेअर, कावासाचाँग, टाउनलाइन, पॉली, कोमा करत मॅलबर्ग. मध्ये 180-190 रॉडची दोन पोर्टेज सलग आहेत आणि तीच गर्दी गाळून टाकतात. मॅलबर्गचा वॉलआय त्या चालण्याची भरपाई करतो. दुसऱ्या-तिसऱ्या सहलीला हा मार्ग धरा.

गोल मार्ग चांगला की एका जागी तळ ठोकून राहावं?

गोल मार्गात रोज नवं दृश्य, आणि रोज तंबू मोडायचा, बांधायचा. तळ ठोकून राहिलात तर एका तळ्याची ओळख होते. पहिल्या संध्याकाळी मासे कुठे नाहीत ते कळतं, दुसऱ्या संध्याकाळी कुठे आहेत ते, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही निघता. गोल मार्गावर दर दिवस पहिला दिवसच असतो. शिवाय एकदा अर्धा गोल पार केला की मागे फिरणं आणि पुढे जाणं सारखंच लांब, म्हणून कुणी आजारी पडलं तर कुचंबणा होते.

परवाना कसा आणि कधी काढायचा?

1 मे ते 30 सप्टेंबर या काळात मुक्कामी जाणाऱ्या प्रत्येक गटाला कोट्यातला परवाना लागतो. आरक्षण जानेवारीच्या उत्तरार्धात रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर उघडतं. परवाना एका ठरावीक प्रवेशस्थानाचा आणि एका ठरावीक तारखेचा असतो. आत शिरल्यावर कुठेही फिरा, कुठूनही बाहेर पडा, त्याला बंधन नाही. गट जास्तीत जास्त नऊ जणांचा आणि चार होड्यांचा, आणि ही मर्यादा पाण्यावर, पोर्टेजवर, मुक्कामी सगळीकडे लागू आहे. गटप्रमुखाने किंवा परवान्यावर नाव असलेल्या पर्यायी प्रमुखानेच तो प्रत्यक्ष जाऊन घ्यायचा.

मूस, लेक वन अशी नावाजलेली स्थानं लवकर संपतात. शुक्रवार-शनिवार सोडून मंगळवार-बुधवारची तारीख बघा, किंवा एकाच तळ्यावर दोन वेगवेगळ्या प्रवेशस्थानांहून पोचता येईल असे दोन मार्ग आधीच काढून ठेवा.

मोटरबोटींचा आवाज नको असेल तर?

बहुतेक तळी फक्त वल्ह्यांची आहेत. पण मूस, स्नोबँक, फॉल आणि सॅगनागा व बासवुडच्या काही भागांत 25 अश्वशक्तीपर्यंत, सीगलच्या पूर्वेकडच्या भागात 10 अश्वशक्तीपर्यंत मोटर चालते. अशा तळ्यावरून आत गेलात तरी एक-दोन पोर्टेजनंतर आवाज संपतो.

कॅनडाच्या बाजूचं क्वेटिको उद्यान घ्यावं का?

गर्दी कमी, मासे मोठे, कागदपत्रं जास्त. परवाना वेगळा, सीमेचे आणि सीमाशुल्काचे नियम वेगळे, ऑन्टॅरिओ या कॅनडाच्या प्रांताचा मासेमारी परवाना वेगळा. क्वेटिकोत गळाच्या टोकापाशी मासा सुटू न देणारा उलटा काटा चालत नाही, म्हणजे गळ बिनकाट्याचेच हवेत, आणि जिवंत किंवा सेंद्रिय आमिषाला बंदी आहे. तिथे मुक्कामाच्या जागांवर मिनेसोटाच्या बाजूसारख्या लोखंडी चुली आणि शौचखड्डे नसतात. पहिल्या सहलीला नको.

नकाशावर एखादी नदी सरळ जाताना दिसते. पोर्टेज टाळून खळाळातून गेलं तर?

नाही. पोर्टेज तिथे आहे याचाच अर्थ पाणी जाण्याजोगं नाही. बासवुड फॉल्सला वळसा घालणारं हॉर्स पोर्टेज 340 रॉडचं, म्हणजे मैलाहून जास्त आहे, आणि ते टाळायचा मोह होतो. वसंतात पाणी चढलेलं असताना धबधब्यांच्या वरच्या बाजूला उतरायच्या जागेच्याही फार पुढे जाऊ नका. भरलेली कनू ऐन वेळी वळत नाही.

मुक्कामाला जागा मिळेल याची खात्री काय?

खात्री नाही, कारण जागा आरक्षित होत नाहीत. नेमून दिलेल्या, लोखंडी चूल असलेल्या जागीच मुक्काम करायचा, आणि नकाशावर त्या लाल ठिपक्यांनी दाखवतात. म्हणून दिवसाचा शेवट ज्या तळ्यावर करायचा तिथे किमान चार-पाच ठिपके आहेत ना ते बघा. एकच ठिपका असलेल्या तळ्यावर संध्याकाळी पाचला पोचायची योजना म्हणजे अंधारात पुढचं पोर्टेज करायची तयारी. जुलै-ऑगस्टमध्ये मी दुपारी दोनच्या आत जागा धरतो आणि संध्याकाळ गळ टाकायला मोकळी ठेवतो. मासेमारीच्या वेळेशी हे छान जुळतं.

शिध्याचा आणि मार्गाचा काय संबंध?

वजनाचा. डबाबंद पदार्थ आणि काचेच्या बाटल्या आत नेता येत नाहीत, त्यामुळे सगळं पिशव्यांत येतं. अन्न अस्वलरोधक डब्यात किंवा जमिनीपासून 12 फूट उंच आणि खोडापासून 6 फूट लांब टांगून ठेवायचं असतं. वणव्यातून नुकत्याच उठलेल्या भागात तसं झाड सापडत नाही, म्हणून तिकडून मार्ग जात असेल तर डबाच घ्या. आणि मासे मिळतीलच या भरवशावर जेवण कमी नेऊ नका. आम्ही एकदा नेलं. तिसऱ्या रात्री ओटमील होतं, चौथ्या सकाळीही ओटमील होतं.

मोबाइलचा नकाशा पुरतो का?

मदतीला ठीक. आतमध्ये बहुतेक ठिकाणी रेंज नसते, बॅटरी थंडीत उतरते, आणि ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. कागदी, पाण्याने न भिजणारा नकाशा आणि होकायंत्र पुढच्या माणसाच्या गुडघ्यांपुढे उघडं असू द्या. मागचा माणूस दिशा धरतो, पुढचा वाचतो. प्रत्येक बेट गेलं की त्यावर बोट सरकवायचं. बोट नकाशावरून उचललं की हरवायला सुरुवात होते.

घरी काय सांगून जावं?

मार्गाची एक प्रत, त्यावर प्रत्येक रात्रीचं अपेक्षित तळं, गाडी कुठे उभी आहे, आणि "अमुक दिवशी संध्याकाळपर्यंत आलो नाही तर अजून एक दिवस थांबा, मग कळवा" असं स्पष्ट लिहिलेलं. तो एक दिवस वाऱ्यासाठी. उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण नेत असाल तर ते लाइफ जॅकेटच्या खिशात ठेवा. सामानाच्या पिशवीत ठेवलंत आणि कनू उलटली तर पिशवी एका दिशेला जाते, तुम्ही दुसऱ्या.